आचार्य न्येम यांना पडलेला विसर

माझे आजोबा, ता न्येम, काही म्हणजे काही विसरत नसत, आणि घरात त्याचा आम्हाला जाच होता.

"मालिस, नवीन वर्षाच्या आधी माझा अडकित्ता घेतला होतास."

"परत ठेवला की, ता."

"ठेवलास. उलटा."

ते गावचे आचार्य. भिक्खू नव्हेत, बायको, तीन मुलगे, भाताचं खाचर असा सगळा संसार केलेला माणूस. पण लग्न असो, मयत असो, नव्या घराचा पहिला खांब उभा करायचा असो, पाली पाठ म्हणायचे ते त्यांनीच. आमच्या प्रेक त्नाओत गावात त्यांना कोणी नावानं हाक मारत नसे. "पोथीला बोलवा," म्हणत.

ते नाव गमतीनं पडलेलं नव्हतं. मी लहान असताना, काळे कपडे घालणाऱ्या बंदूकवाल्यांच्या राजवटीत विहार बंद झाले, त्यातल्या पोथ्यांच्या पानांत तंबाखू भरून पोरासोरांनी विड्या ओढल्या, आणि विहाराच्या सभागृहात खताची पोती लागली. ता तेव्हा कालवा खणत होते. फावड्याच्या एका घावाला मनातल्या मनात एक ओळ, असं चार वर्षं. ओठ हलवायचे नाहीत, कारण ओठ हलताना दिसलेली माणसं दुसऱ्या दिवशी कामावर नसत. त्या चार वर्षांत त्यांचे तिन्ही मुलगे गेले. त्यांतला एक माझा बाप. आजी गेली. पाठ मात्र सगळेच्या सगळे परत आले.

एकोणीसशे त्र्याण्णव साली पांढऱ्या गाड्या गावात येऊ लागल्या तेव्हा मी बावीस वर्षांची होते. शहरातल्या मावशीकडे थोडं इंग्रजी शिकले होते, म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या लुर्देस बाईंची दुभाषी झाले. लुर्देस फिलिपिन्समधली शाळामास्तरीण. निवडणूक घ्यायला आलेली. पहिल्याच दिवशी तिनं आमचं प्राहोक, म्हणजे खारवलेल्या माशांचा ठेचा, दोनदा मागून घेतलं, आणि गावानं ठरवून टाकलं की ही काही खरी परदेशी नाही.

विहाराचं सभागृह तेव्हा नुसते खांब होते. लुर्देसनं खटपट करून पत्रे आणि खिळे आणवले, गावानं लाकूड दिलं, आणि ता रोज शिडीवर चढून पत्रे ठोकू लागले. मतदान तिथंच व्हायचं होतं.

लोकांना मतदान समजावताना आमची पहिली फजिती शब्दानंच केली. आमच्या भाषेत मत देण्याला 'बाह च्नाओत' म्हणतात, आणि च्नाओत म्हणजे सोडतीची चिठ्ठीसुद्धा. येई रोम पहिल्या रांगेत बसून सगळं नीट ऐकून घेत होत्या. येई म्हणजे आजी, जसं ता म्हणजे आजोबा. त्या शेवया विकायच्या. खांद्यावरच्या काठीला दोन टोपल्या, एकीत तांदळाच्या शेवया, दुसरीत माशाचं कालवण. गावातली प्रत्येक बातमी त्या कालवणाबरोबर दारोदार जायची.

"सगळं कळलं," येई रोम म्हणाल्या. "फक्त बक्षीस काय ते सांगा."

"येई, बक्षीस नसतं," मी म्हटलं.

"मग चिठ्ठी कशाला टाकायची? आणि सोडत कोण काढणार? ह्या बाई?"

ता छपरावरून म्हणाले, "रोम, सोडतीत नंबर दुसरा काढतो. ह्यात तू काढायचा. एवढाच फरक."

"मग बक्षीसही मीच द्यायचं म्हणा की."

लुर्देसला मी हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा ती बराच वेळ हसली, आणि मग वहीत लिहून घेतलं.

मतदानाला तीन आठवडे उरले होते तेव्हा गावप्रमुख सारेत यांनी सगळ्या गावाला विहारात बोलावलं. लुर्देस त्या दिवशी तालुक्याला गेली होती. दिवस बघूनच निवडलेला. सारेत पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांच्या शेजारी वरून आलेली दोन अनोळखी माणसं बसली होती. त्यांच्या कमरेला काय आहे ते शर्टाबाहेर दिसत होतं. समोर पाण्याचा माठ, उदबत्त्या, आणि चिंचेखालच्या छोट्या लाकडी देवळातून आणलेला दगड. गावाचा राखणदार न्याक ता त्या दगडात राहतो.

सारेत यांनी कागद वाचला. आम्ही अमुक पक्षालाच मत देऊ. फिरलो तर वीज पडो, साप डसो, सात पिढ्या घरात दिवा न लागो. वाचताना त्यांनी मान एकदाही वर केली नाही. मग एकानं माठात बंदुकीची गोळी बुडवली, म्हणजे हे पाणी पिऊन फिरेल तो गोळीनं मरेल.

पण नुसत्या कागदानं शपथ बांधली जात नाही, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. पाण्यात न्याक ताला उतरवायला आचार्यांचा पाठ लागतो. ता पुढं गेले, पांढरं उपरणं सावरलं, गालात पान तसंच ठेवून डोळे मिटले, आणि पुटपुटले. बराच वेळ. मग आम्ही एकेक करून पाणी प्यायलो. मीही.

त्या दिवसापासून गावाचं तोंड बंद झालं. सभांना लोक येत, बसत, जात. लुर्देस बोलून बोलून घसा बसवून घेई.

"मत गुप्त असतं. कोणालाही कळणार नाही."

"कोणालाही?" मागून एकीनं विचारलं.

"प्रमुखांना नाही, सैनिकांना नाही, मलाही नाही."

"न्याक ताला?"

मी भाषांतर केलं. लुर्देसनं पानं चाळली. तिच्याजवळच्या जाड पुस्तकात पेटीच्या कुलपाबद्दल, बोटाच्या शाईबद्दल, आंधळ्या मतदाराबद्दल सगळं होतं. ह्याबद्दल काही नव्हतं.

सभा संपल्यावर मी तिला शपथेचं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "माझ्या आजीच्या गावात एक झाड आहे. त्याला विचारल्याशिवाय आजही कोणी त्याच्याजवळून जात नाही. ह्या लोकांना मी काय सांगू, मालिस? पेटीला कुलूप आहे म्हणून?" मग म्हणाली, "तुझे आजोबा ही शपथ सोडवू शकणार नाहीत का?"

मी तांना विचारलं. ते दातांत खिळे धरून पत्र्यावर बसले होते.

"त्यांना सांग, मी लहान माणूस आहे," ते खिळ्यांच्या मधून म्हणाले. "आणि गावात दोन परके अजून मुक्कामाला आहेत."

एवढं बोलून त्यांनी खिळा ठोकला. मला राग आला. ज्या माणसानं मरणाच्या दारात पाठ सोडले नाहीत, त्यानं ते असल्या कामाला वापरू दिले, हे मला पचत नव्हतं.

त्याच आठवड्यात येई रोम शेवया घेऊन आमच्या दारात बसल्या. भोवती कोणी नाही असं बघून त्यांनी वाडगा माझ्या हातात दिला, आणि हात सोडलाच नाही.

"पोरी, ता जेवतात ना नीट?"

"जेवतात की. का?"

"झोप?"

"येई, काय झालं ते सांगा."

"माझ्याकडून बाहेर जायचं नाही. आणि तुझ्याकडूनही." येई रोमच्या तोंडून हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. "त्या दिवशी मी अगदी पुढं बसले होते. शपथेचे पाठ मी ऐकलेत गं, दोनदा. सासऱ्यांच्या जमिनीच्या भांडणात. ते असे नसतात. पोथीनं त्या दिवशी नवरानवरीवर पाणी शिंपडताना म्हणतात ना, तो आशीर्वाद म्हटला. आयुष्य, रूप, सुख, बळ. शेवट पानाबरोबर गिळला, पण मी सत्तर लग्नं जेवलेय. मला कळतं." त्यांचे डोळे भरले. "म्हातारा विसरायला लागलाय, मालिस. मी कोणाला सांगितलं नाही. आपल्या पोथीची अब्रू आपणच राखायची."

त्या गेल्या. वाडगा हातातच राहिला. ता विसरलेले नाहीत हे मला तेव्हाच कळलं. अडकित्ता उलटा ठेवलेला ज्यांना चार महिने आठवतो, ते तसा पाठ विसरत नाहीत.

मी विहारात गेले. ते शिडीच्या पायथ्याशी सुपारी कातरत होते.

"त्या पाण्यात काही नव्हतं," मी म्हटलं.

"पाणी होतं. विहिरीचं. चांगलं आहे आपल्या विहिरीचं पाणी."

"मग लोकांना सांगा ना, ता. लोक घाबरून मरताहेत."

"काय सांगू? मी मुद्दाम चुकीचं म्हटलं? हे त्या दोघांच्या कानावर संध्याकाळपर्यंत जाईल. मग मी गेलो, आणि पांढऱ्या गाडीवाल्यांचं कार्ड गळ्यात घालून हिंडतेस म्हणून तूही." त्यांनी सुपारीचं खांड उचलून बघितलं. "पण तुला कसं कळलं?"

"येई रोमनी ओळखलं. त्यांना वाटतंय तुम्ही विसरलात."

त्यांचा हात थांबला. त्यांनी चिंचेकडे बघितलं.

"विसरलो," ते हळूच म्हणाले. शब्द चावून बघितल्यासारखा. "विसरणाऱ्या म्हाताऱ्याला कोण मारतं?"

"ता, पण मग तुम्हाला पुन्हा कोणी..."

"रोमला बोलव."

येई रोम टोपल्या घेऊनच आल्या. ता त्यांना बस म्हणाले, आणि स्वतः खालच्या पायरीवर बसले. आचार्य कोणासमोर असे खाली बसत नाहीत. येई गडबडल्या.

"रोम, तुझी जीभ कुठं गेली?"

"कशाला विचारता?"

"बारा दिवस झाले आणि गावात माझ्याबद्दल एक अक्षर नाही. आजारी आहेस का?"

"मालिस," येई माझ्याकडे वळल्या, "तुझ्या पोटात काही राहत नाही का गं?"

"हे तू बोलतेस?" ता म्हणाले. "ऐक. उद्या शेवया घेऊन फिरशील ना, तेव्हा सांग. म्हातारा चळला. शपथ बांधायला बसला आणि लग्न लावून उठला."

"मी नाही सांगणार."

"रोम."

"नाही सांगणार. माझ्या पोरीचं लग्न तुम्ही लावलंत. नवऱ्याच्या चितेपुढं तुम्ही बसलात. कोणाकडे कागद उरला नव्हता तेव्हा अख्खा गाव तुमच्या डोक्यावर जगला. आता मी दारोदार सांगू, की ते डोकं फिरलं? मग उद्या लोक दुसऱ्या गावचा आचार्य आणतील, आणि तुम्ही काय कराल? पत्रे ठोकाल?"

"पत्रेही बरे असतात. गळत नाहीत."

येई हसल्या नाहीत. ता थोडं पुढं झुकले.

"मी पाच शीलं पाळणारा माणूस, रोम. त्या दिवशी न्याक तासमोर बसून मी फसवलं. कोणाला तरी फसवायचंच होतं, तर मी गोळी बुडवणाऱ्याला फसवलं. पण तुम्ही सगळे अजून त्या पाण्याला बांधलेले आहात, मग माझं खोटं बोलणं फुकट गेलं ना? ते फुकट जाऊ देऊ नकोस. एवढंच मागतो."

येई रोमनी डोक्याला गुंडाळलेल्या फडक्याच्या टोकानं नाक पुसलं. मग काठी खांद्यावर घेतली.

"कालवणात आज मीठ जास्त पडलंय," त्या म्हणाल्या. "त्याची बोंब आधी होणार आहे. तुमची नंतर."

तीन दिवसांत गाव बदललं. कोणी उघड काही बोलेना, पण मी पाण्याला जाई तेव्हा बायका कुजबुजत आणि तोंडाला फडकं लावत. "लग्न लावलं म्हणे. कोणाचं कोणाशी?" "प्रमुखांचं, आमच्या सगळ्यांशी." पुरुष सभेत पुन्हा प्रश्न विचारू लागले. वीस पक्षांच्या चिन्हांचा लांबलचक कागद उलटा धरून नीट बघू लागले. आणि रस्त्यानं ता दिसले की पोरं ओरडत, "फाटकी पोथी, फाटकी पोथी." त्यांच्या आया त्यांना दटावत, पण हळू आवाजात.

चौथ्या दिवशी सारेत प्रमुख विहारात आले. बरोबर ते दोघे. ता छपरावर. खाली वीस-पंचवीस माणसं लाकूड वाहत होती. सगळी जागच्या जागी थांबली.

"ता, खाली या."

ता सावकाश उतरले.

"त्या दिवशी तुम्ही काय म्हटलंत?"

"कोणत्या दिवशी?"

"शपथेच्या."

"शपथ? कोणाची?" ता त्यांच्याकडे भाबडेपणानं बघत राहिले. मग चेहरा उजळला. "हां हां. नवरी कुठली होती बरं?"

कोणीतरी फसकन हसलं आणि खोकल्यात दडवलं. त्या दोघांपैकी एक पुढं झाला. सारेत मधे उभे राहिले.

"म्हणून दाखवा," ते म्हणाले.

ता तिथंच पत्र्यांच्या ढिगावर बसले, हात जोडले, आणि अख्खा विवाह-आशीर्वाद स्पष्ट म्हणाले. ह्या वेळी पान नव्हतं तोंडात. एक शब्द गिळला नाही. जमलेल्यांपैकी प्रत्येकाला तो ओळखीचा होता, आणि एकेकाची मान सवयीनं खाली गेली.

सारेत यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग त्या दोघांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हातारा चळलाय. आता पाणी पुन्हा बांधायचं तर पलीकडच्या गावचे आचार्य लागतील. त्यांना ताप आहे. मतदान चार दिवसांवर, आणि ती बाई रोज इथं असते. वर मी सांगतो काय सांगायचं ते." आणि लोकांना म्हणाले, "ह्यापुढं कुठल्याही कार्याला ह्यांना बोलवायचं नाही. ऐकलंत? देवाधर्माची थट्टा होते."

"ऐकलं," लोक म्हणाले.

ता मान हलवत होते, जणू हे दुसऱ्याच कोणाबद्दल आहे.

मतदानाला माणसं ठेवणीतले रेशमी सम्पोत नेसून आली. उजाडायच्या आधीपासून रांग. केळीच्या पानात भात बांधून आणलेला, न जाणो किती वेळ लागेल. मी पहिल्या टेबलावर नावं बघायला, शेजारी लुर्देस. दुसऱ्या टेबलावर शाई, ती डोळ्यांना दिसायची नाही, जांभळ्या दिव्याखाली धरलं की बोट उजळायचं. येई रोम मत देऊन आल्या आणि पुन्हा पुन्हा बोट त्या दिव्याखाली धरू लागल्या.

"येई, पुढं चला."

"थांब गं. हेच बक्षीस दिसतंय."

त्यांनी कोणाला मत दिलं हे मला आजही माहीत नाही. गावात कोणीच कोणाला सांगितलं नाही, आणि येई रोमनी सांगितलं नाही ह्याचा गावाला अभिमान आहे.

मग ता आले. मागं सारेत उभे होते, त्यांच्याही हातात कार्ड.

"नाव?" मला विचारायलाच हवं होतं.

ता माझ्याकडे बघून हसले. ज्यांना गावातल्या प्रत्येकाच्या पणज्याचं नाव पाठ, ते म्हणाले, "कार्डावर बघ बाई. माझं राहत नाही आता डोक्यात."

रांग हसली. मी कार्डावर बघितलं आणि नाव मोठ्यानं वाचलं. टेबलाखाली लुर्देसनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तांच्या विसरण्यातलं खरं काय ते तिला मी कधीच सांगितलं नव्हतं. पुढं गाव सोडून जाताना तिनं तांना तिची ती वही दिली, उरलेली कोरी पानं होती म्हणून. म्हणाली, आठवेल तसं लिहून ठेवा. तांनी दोन्ही हातांनी घेतली.

निकाल लागले, पांढऱ्या गाड्या गेल्या, सभागृहाचे पत्रे राहिले. कापणीनंतर लग्नं सुरू झाली. पलीकडच्या गावचे आचार्य सायकलवरून येत आणि छापील पुस्तकातून वाचत. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात ता पाहुण्यांच्या शेवटच्या ओळीत बसले होते. आचार्यांनी दोन पानं एकदम उलटली आणि मधल्या चार ओळी गेल्या. कोणाला कळलं नाही. तांच्या हातातला अडकित्ता तेवढा थांबला. ओठ हलले नाहीत. ती सवय कालव्यावरचीच होती.

घरी मी म्हटलं, "आता तरी खरं सांगू या. ते दोघे कधीच गेले."

"लोकांना आता शपथ आठवत नाही, कशाला आठवण द्या?" ते वही उघडून बसले होते. रोज एक पान. "आणि म्हातारे विसरतातच. मी थोडा आधी विसरलो."

पुढच्या नवीन वर्षाच्या आधी एका दुपारी सारेत प्रमुख आमच्या घरी आले. एकटेच. जिन्याखाली चपला काढल्या. हातात पानसुपारीचं तबक होतं, वर पांढरं कापड. आचार्यांना आमंत्रण द्यायला जातात तसं. तांनी वही मिटली.

"पोरीचं लग्न आहे," सारेत म्हणाले. "तुम्ही यावं."

"जेवायला येईन."

"पाठ म्हणायला."

"प्रमुख, माझं डोकं तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच सगळ्यांना सांगितलंत. मी काहीतरी भलतंच म्हणायचो."

"त्या दिवशी जे म्हटलंत तेच म्हणा." सारेत यांनी तबक हातानं थोडं पुढं सरकवलं. ते खाली चटईकडे बघत होते, कागद वाचताना बघत होते तसेच. "त्यात एक अक्षर चुकलं नव्हतं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तेवीस वर्षांपूर्वी माझ्या डोक्यावर पाणी शिंपडताना तुम्हीच म्हटलं होतंत. बायको त्या चार वर्षांत गेली. तेवढा आवाज राहिला." ते थांबले. "माठापाशी तुम्ही पहिली ओळ घेतलीत आणि मला कळलं."

खाली कोंबड्या टिपत होत्या. तांनी तबकावरचं कापड उचललं, एक पान घेतलं, चुना लावला, दुमडलं, आणि सारेत यांच्या हातात दिलं. दुसरं स्वतःसाठी घेतलं.

"मालिस," ते म्हणाले, "माझं पांढरं उपरणं काढ. तिसऱ्या पेटीत आहे, डावीकडं. तू ठेवलंस तसं चुरगळलेलं."